शिवणाचा कोपरा : मशीनवरची गोधडी, बाळाची आणि भिंतीवरची

मागच्या अंकात गोधडीबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कोपरा गोधडीलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरं कमीजास्त लांबीची झालीत कारण काही प्रश्नांना खरंच दोन वाक्यं पुरतात आणि काहींना नाही पुरत.

ताई, नमस्कार. सुनेला सातवा महिना आहे. माझ्या आईच्या दोन सुती नऊवारी जपून ठेवल्यात, त्यांची बाळासाठी गोधडी करायला घेतली. हाताने धावदोरा घालायला आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मोटर बसवलेल्या जुन्या काळ्या मशीनवर टीप मारते. वरून छान दिसतं, पण उलटून बघितलं की मागच्या कापडाला चुण्याच चुण्या. उसवून परत केलं तरी तेच. मशीन गेलं का माझं? — एक होणारी आजी, गिरगाव

आजी, मशीनला काहीही झालेलं नाही, ते काळं मशीन सरळ टीप मारायला आजच्या महागड्या मशीनच्या तोडीस तोड आहे, त्याला हात लावू नका. गोंधळ होतोय तो वेगळ्या कारणाने. खालचे दात फक्त खालच्या कापडाला धरून पुढे ढकलतात, वरच्या कापडाला प्रेशर फूट दाबून धरतो, त्यामुळे खालचं पुढे पळतं आणि वरचं मागे रेंगाळतं. दोन पातळ कापडं जोडताना हे कळत पण नाही, पण तीन-चार थर असले की फरक साठत जातो आणि मागे चुण्या पडतात. शिवाय मागचं कापड आधीच सैल असेल तर मग विचारूच नका.

म्हणून खरं काम मशीनवर बसायच्या आधीचं आहे आणि तिथे एक अख्खी दुपार गेली तरी चालेल. सगळ्यात खालचं कापड वरच्यापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्या, इस्त्री करा, आणि उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा. फरशीच्या रेषा काटकोनात असतातच, त्यांना कापडाची किनार जुळवली की वेगळं मापायला नको. आता समोरासमोरच्या बाजूंना मास्किंग टेप लावत जा, कापड सपाट आणि ताठ हवं पण ताणलेलं नको, कारण ताणून चिकटवलं तर टेप काढल्याबरोबर ते आकसतं आणि वरच्या थराला झोळ येतो. मग मधला थर, मग वरचा, प्रत्येक वेळी मधून कडेकडे हात फिरवत. आणि मग सेफ्टी पिना, मधून सुरू करून, एक तळहात मावेल एवढ्याच अंतरावर. म्हणजे साधारण चार इंच. खूप पिना लागतात, हो, पण तिथे कंजुषी केली की मागे चुणी आलीच. खाली वाकवत नसेल तर सुनेला अजिबात वाकवू नका, मुलाला बसवा पिना लावायला!

नऊवारीबद्दल थोडं. प्रत्येक भाग उजेडासमोर धरून बघा, जिथे कापड विरलंय आणि जाळी दिसते तो भाग बाद करा, जीव कितीही अडकला असला तरी, कारण बाळाची गोधडी आठवड्यातून दोनदा धुतली जाणार. चांगल्या भागाचे तीन थर पुरे होतात, चौथा मुंबईच्या हवेत कशाला. जुनं कापड नाजूक असतं म्हणून टाका मोठा ठेवा, 3 ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाके घातले की सुईची भोकं जवळजवळ पडतात आणि धुता धुता नेमकं त्या रेषेवर कापड फाटतं. सुई नवी आणि 14 नंबरची, आधीच्या कामाची बोथट सुई नको.

टीप मारताना पहिली रेघ बरोब्बर मधून उभी, मग तिच्या उजवीकडे सरकत सरकत कडेपर्यंत, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू. एका बाजूच्या सगळ्या रेघा एकाच दिशेने सुरू करा, एक वरून खाली आणि पुढची खालून वर असं केलंत तर मधलं कापड तिरकं ओढलं जातं. मशीनच्या डोक्यावर, प्रेशर फूटच्या दांड्याच्या वर एक स्क्रू असतो, तो थोडा सैल केला की फूटचा दाब कमी होतो, याने बराच फरक पडेल. आणि जमलं तर वॉकिंग फूट घ्या. त्याला वरून पण दात असतात, म्हणजे खालचं आणि वरचं कापड एकत्रच सरकतं. दुकानात जाताना तुमच्या मशीनचा आत्ताचा फूट काढून बरोबर न्या, दांडीची उंची जुळायला हवी नाहीतर बसत नाही. डावीकडे इस्त्रीचं टेबल मशीनच्या उंचीला लावून गोधडीचं ओझं त्यावर टेकवा. लटकती गोधडी सुईला ओढते, टाके लहानमोठे होतात आणि सुया पण त्यानेच तुटतात.

माझा प्रश्न वरच्यासारखाच पण उलटा आहे. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या, त्या म्हणतात गोधडी कडेने सुरू करायची आणि गोल गोल आत यायचं, त्यांच्या गोधड्या वीस वर्षं टिकल्यात. तुम्ही नेहमी मधून सुरू करा म्हणता. कोणाचं ऐकू? — बोरिवली

हाताने घालताना सासूबाईंचं, मशीनवर माझं. दोन्ही बरोबर आहे. हातात सुई असताना प्रत्येक टाक्याला बोटं खालचं वरचं कापड सारखं करत जातात, जास्तीचं कापड तिथल्या तिथे जिरतं, म्हणून कडेने आत येता येतं. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात ती पण अशीच, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत मध्यावर संपते, आणि त्या तर तुकडे सुद्धा शिवता शिवताच जोडत जातात. बघावं तर डोळ्यांचं पारणं फिटतं. मशीन मात्र कापड पुढे ढकलत राहतं, कडा आधी बंद केल्या तर ते ढकललेलं कापड जाणार कुठे, मधे फुगा येतो. मधून सुरू केलं की जास्तीचं कडेला निघून जातं आणि शेवटी कापून टाकता येतं. सासूबाईंकडून हाताची मात्र शिकून घ्या, ज्यांना ती येते त्या घरात असताना शिकली नाही तर मग राहून जाते.

माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. मैत्रिणीने हाताने केलेली सुंदर जाड गोधडी दिली, मला पण तशी एक करायची आहे. रात्री एसी असतो म्हणून तिच्या अंगावर घातली तर चालेल का? आत कोणतं भरण घालावं, पॉलिएस्टर की कॉटन? — मुलुंड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी आणि स्पष्ट. बाळ झोपलेलं असताना अंगावर गोधडी नको, आजूबाजूला पण नको. मोकळं पांघरूण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याची भीती असते आणि एवढ्या लहान बाळाला ते बाजूला करता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्सचा सल्ला पण हाच आहे की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत मऊ वस्तू, उशा, रजया, मोकळी पांघरुणं ठेवू नयेत. एसी असेल तर अंगात कपड्यांचा एक थर वाढवा, एसीचं तापमान वाढवा. घरातली मोठी माणसं म्हणतील आमची मुलं गोधडीतच वाढली, त्यांना वाईट वाटणार नाही असं सांगा, पण ऐकू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या म्हणजे घरात वाद नको.

मग गोधडी करायची कशाला? तर दिवसा, बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना फरशीवर अंथरायला. पालथं पडायला शिकतं, सरकतं, त्याला हीच जागा. त्या दृष्टीने केलीत तर निवड सोपी होते. भरण पातळ घ्या. पॉलिएस्टर वॅडिंग हलकं असतं, धुतल्यावर लवकर वाळतं, जुलैमधे मुंबईत ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यात हवा खेळत नाही आणि गरम होतं. कॉटनचं वॅडिंग सपाट बसतं, थंड असतं, मशीनखाली कमी घसरतं, पण पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटतं आणि वाळायला वेळ लागतो. मला स्वतःला विचाराल तर बाळासाठी मधे जुन्या मऊ सुती चादरीचा एकच थर, बास. मुंबईला तेवढंच पुरतं आणि दोन तासांत पंख्याखाली वाळतं. वॅडिंग घेतलंत तर दुकानदाराला विचारा की शिवणीत किती अंतर चालतं, नाही सांगता आलं तर तीन-चार इंचांपेक्षा जास्त अंतरावर रेघा ठेवू नका, नाहीतर धुण्यात आतलं गोळा होऊन एका कोपऱ्यात जातं.

वर बटणं, मणी, आरसे, टिकल्या, लोंबणारे गोंडे काही नको, बाळ सगळं तोंडात घालतं. पिना मोजून लावा आणि मोजून काढा, आणि शेवटी मोठं लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवा. आणि एक गोष्ट जी फार जणींना माहीत नसते, बाळाच्या कपड्यांत किंवा गोधडीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यात नॅप्थलीन असतं, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते त्यांच्या लाल पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. ही कमतरता वरून दिसत नाही. साठवायचंच झालं तर धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळा.

लाल आणि पांढऱ्या तुकड्यांची गोधडी केली, पहिल्याच धुण्यात पांढरं गुलाबी झालं. मिठाच्या पाण्यात भिजवून घेतलं होतं तरी. आता काय? — विक्रोळी

मिठाने किंवा व्हिनेगरने दुकानातल्या तयार कापडाचा रंग पक्का होत नाही, ही समजूत फार पसरलीय. रंग सुटतो कारण जास्तीचा रंग धाग्यात बसलेलाच नसतो, तो धुऊन काढणं एवढाच उपाय. अजून वाळवली नसेल, इस्त्री केली नसेल तर आशा आहे. मोठी बादली किंवा टब भरून गरम पाणी घ्या, थोडी लिक्विड साबण, गोधडी पूर्ण बुडेल आणि पाण्यात मोकळी तरंगेल इतकं पाणी हवं, म्हणजे सुटलेला रंग परत कापडावर न बसता पाण्यात राहतो. रात्रभर ठेवा, पाणी रंगीत झालं की बदला, परत ठेवा. पाणी स्वच्छ राहीपर्यंत. बरीच गोधडी सुधारते.

पुढच्या वेळी शिवायच्या आधी प्रत्येक गडद तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. लाल, मरून आणि नीळ या तिघांवर जास्त लक्ष ठेवा.

फ्री मोशनने, म्हणजे मशीनचे दात खाली करून कापड हातानेच फिरवत, फुलं-वेलबुट्टी काढायला शिकतेय, डार्निंग फूट पण घेतला. खाली दोऱ्याचं घरटं होतं आणि वळणांवर मागच्या बाजूला पापण्यांसारखे केस दिसतात. टेन्शन फिरवून फिरवून थकले. — कांदिवली

टेन्शनला नंतर हात लावा. घरटं झालं की निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच असतं, दोरा ओवताना प्रेशर फूट खाली होता. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून नुसता वाहत राहतो. फूट वर उचला, पूर्ण ओवणी नव्याने करा, मग फूट खाली करून दोरा ओढून बघा, अडकल्यासारखा लागला पाहिजे. दुसरं, सुरुवातीला एक टाका घेऊन बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही दोरे बोटाने धरून पहिले तीन-चार टाके घ्या.

पापण्या वेगळ्या कारणाने येतात. वळणावर हात वेगाने फिरतो आणि पाय तेवढाच राहतो, त्यामुळे टाका गोलाईला न जाता आत ओढला जातो. वळणावर हात सावकाश, मशीनचा वेग एकसारखा. सगळं उलट करायची सवय असते आपल्याला, अवघड जागी पाय उचलायची, ती मोडावी लागते. इतकं करूनही खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचं टेन्शन थोडं कमी करा, खालचा दोरा मागे सुतळीसारखा सरळ पडत असेल तर खालच्याच्या मानाने वरचं सैल आहे, थोडं वाढवा.

दात खाली जाणारं मशीन नसेल तर दातांवर पातळ कार्ड टेपने चिकटवा, सुईपुरतं भोक ठेवा, आणि टाक्याची लांबी शून्यावर. हातात बोटांना रबर असलेले हातमोजे घाला, कापड पकडायला जोर लागत नाही आणि खांदे दुखत नाहीत. सरावाला मांजरपाट घ्या, दोन तुकडे आणि मधे वॅडिंग, वहीच्या पानाएवढं. बसायच्या आधी तीच वेल पेन न उचलता कागदावर काढा, पुन्हा पुन्हा काढा. हाताला रस्ता पाठ झाला की मशीनवर नुसतं चालायचं असतं. थांबताना सुई नेहमी कापडात खाली.

गुळेदगुड्ड खणाच्या तुकड्यांचं आणि इरकलच्या काठांचं वॉलहँगिंग केलं, 24 बाय 36 इंच. भिंतीवर लावलं तर कडा लाटांसारख्या हलतात आणि खणाच्या कडेचे दोरे सुटताहेत. पावसाळ्यात त्यावर पांढरे ठिपके पण आले. — परळ

खण सुटणारच, त्याचा विणीचा पोत तसा आहे. तुकडा कापायच्या आधी मागे पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवून घ्यायचं आणि शिवणीत अर्धा इंच सोडायचं, पाव इंचाने भागत नाही. इस्त्री सुती फडक्यावरून, मध्यम तापमानाला, रेशमी धागा चमकतो आणि मग डाग कायमचा. खुणा करायला निळं पाण्याने जाणारं पेन वापरत असाल तर इस्त्रीच्या आधी खुणा काढा, उष्णतेने ती शाई पक्की होते.

लाटांचं मूळ बहुतेक मधल्या शिवणीत आहे. मधे दाट नक्षी घातली आणि कडा मोकळ्या सोडल्या की मधलं आकसतं आणि कडेचं जास्तीचं कापड फडफडतं. बाळाच्या गोधडीला हे चालतं, ती कुठे लटकायचीय, पण भिंतीवरच्या कामात शिवणीची दाटी सगळीकडे सारखी लागते. दुसरं म्हणजे कडेची पट्टी ओढून लावली जाते. पट्टी लावायच्या आधी वॉलहँगिंग मधोमध मोजा, कड नव्हे, आणि दोन्ही बाजूंना त्याच मापाची पट्टी पिना लावून बसवा. आता झालंय ते वाचवायला एक करून बघता येईल, पण रंग पक्का असेल तरच, खणाचा एक कोपरा आधी ओला करून बघा. पूर्ण पाण्याने फवारून, फोमच्या शीटवर किंवा जुन्या गादीवर सरळ करून कडेने भरपूर टाचण्या लावून पंख्याखाली वाळू द्यायचं, पूर्ण वाळेपर्यंत हलवायचं नाही. थोड्या लाटा नक्की बसतात.

टांगायला वर दोन खिळे मारू नका, मधे झोळ येतो. मागे कापडाची नळी शिवा. नऊ इंच रुंद पट्टी दुमडली की चार इंचांची नळी होते, लांबी वॉलहँगिंगपेक्षा दीड-दोन इंच कमी. नळीची वरची कड कडेच्या पट्टीत शिवून टाका, खालची हाताने, टाका पुढे दिसता कामा नये. नळी थोडी ढिली ठेवा म्हणजे दांडा घातल्यावर पुढून फुगवटा येत नाही. त्यात सपाट लाकडी पट्टी घाला.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला ओल असणारच, विशेषतः जुन्या चाळींच्या, तिथे कापड चिकटून राहिलं की हेच होतं. कोरड्या मऊ ब्रशने खिडकीबाहेर झटका, सावलीत हवेवर ठेवा. लाकडी पट्टीच्या मागे दोन्ही टोकांना लाकडाचे छोटे ठोकळे लावा म्हणजे भिंत आणि कापडात अर्धा इंच हवा राहील. आणि जून ते सप्टेंबर काढूनच ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, मलमलमधे नळीवर गुंडाळून.

कॉटन कुठून घ्यावं? — अनेक जणी

मंगलदास मार्केट, क्रॉफर्ड मार्केटजवळ. रविवार सोडून आणि सकाळी लवकर. दादरला हिंदमाताला पण मिळतं. तुमच्या कापडाचा तुकडा बरोबर न्या, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, दाराशी येऊन बघा. तुकडा चुरगाळून सोडा, आणि एक धागा ओढून जाळा, कॉटनची राख भुरभुरीत होते, पॉलिएस्टरची घट्ट गोळी होते. हे दुकानात नका करू, घरी आणून.

36 बाय 45 इंच बाळाच्या गोधडीला कडेची पट्टी किती लागेल, आणि ती उरेब, म्हणजे तिरकी, कापायची का? — चेंबूर

चार बाजू मिळून 162 इंच, त्यात कोपरे आणि शेवटच्या जोडाला बारा इंच, म्हणजे 174. पट्टी अडीच इंच रुंद, दुमडून दुहेरी लावायची, बाळाच्या गोधडीची कडच आधी झिजते म्हणून एकेरी नकोच. 44 इंच पन्ह्याचं कापड असेल तर पाच पट्ट्या, म्हणजे साडेबारा इंच कापड, अर्धा मीटर घ्या. 36 पन्हा असेल तर सहा पट्ट्या लागतात कारण तिरक्या जोडात प्रत्येक वेळी अडीच इंच जातात, पंधरा इंच कापड, अर्ध्या मीटरमधे तेही बसतं. कडा सरळ असतील तर उरेबची गरज नाही, उलट उरेब पट्टी ताणली जाते आणि वर परळच्या ताईंनी विचारल्यात तशा लाटा येतात. कोपरे गोल केले असतील तरच उरेब. जोड कोपऱ्यावर येऊ देऊ नका, आधी पट्टी नुसती फिरवून बघा, येत असेल तर सुरुवात चार इंच पुढे सरकवा.